गाडीचा हिशेब वर्षाचा, हप्ता महिन्याचा

सोलापूरच्या जुन्या घरांत फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला एक मोठा खर्च ठरलेला असे, तो म्हणजे वर्षाची ज्वारी. मंगळवेढ्याकडची मालदांडी बाजारात आली की पोती घरात यायची, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरली जायची. पैसे त्याआधीच भिशीतून, पोस्टातून किंवा मिलच्या सोसायटीतून जमवलेले असत. डाळ, तिखट, लोणचं, मुलांची जूनमधली वह्या-पुस्तकं यांचंही असंच. पगार आठवड्याचा असो की महिन्याचा, संसाराचा हिशेब मात्र वर्षाचा होता. खर्च येण्याआधी तो माहीत असायचा आणि त्याच्यासाठी डबा वेगळा असायचा.

आज गाडी घेणाऱ्या घराचा हिशेब महिन्याचा आहे. पगार १ तारखेला, हप्ता ५ तारखेला, आणि उरलेल्यात जे बसेल ते. अडचण अशी की गाडी ही वस्तूच मुळात वर्षाच्या हिशेबाची. तिचा विमा वर्षातून एकदा येतो, सर्व्हिसिंग एक-दोनदा, बॅटरी तीन-चार वर्षांनी, टायर पाच वर्षांनी. शोरूममध्ये मात्र ती विकली जाते महिन्याच्या आकड्यावर. “साहेब, फक्त ९,८०० चा हप्ता” या वाक्यात गाडीचा चाळीसेक टक्के खर्च लपलेला असतो, आणि तो ओळखण्याची जी सवय आजीच्या पिढीला होती ती नातवाच्या पिढीला कुणी शिकवलेली नाही.

आकडे मांडून पाहू. एक्स-शोरूम ६ लाखांची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला वाहनकर ११ टक्के, म्हणजे ६६ हजार. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. त्यासोबत एक वर्षाचा स्वतःच्या गाडीचा विमा धरला तर ३० हजारांच्या आसपास जातात. पासिंग, कर्जाचा बोजा चढवणं, फास्टॅग मिळून पाचेक हजार. रस्त्यावर येईपर्यंत गाडी ७ लाख १ हजाराची झाली. सीट कव्हर, मॅट, कोटिंग आणि पावतीत घुसवलेले ‘हँडलिंग चार्जेस’ यात धरलेले नाहीत. हँडलिंगची रक्कम कोणत्या सेवेची, हे काउंटरवर विचारा आणि खोडायला लावा. विमाही शोरूमकडूनच घेतला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. बाहेरून दोन कोटेशन आणली तर फरक दिसतो.

आता १ लाख १ हजार भरून ६ लाखांचं कर्ज काढलं, व्याज साडेनऊ टक्के. पाच वर्षांचा हप्ता सुमारे १२,६०० रुपये, एकूण व्याज १ लाख ५६ हजार. सात वर्षांचा हप्ता ९,८०० वर उतरतो आणि व्याज २ लाख २४ हजारांवर चढतं. महिन्याला २,८०० रुपये हलकं वाटण्यासाठी ६८ हजार जास्त मोजायचे.

व्याजापेक्षा मोठा धोका दुसराच आहे. तीन वर्षं संपताना पाच वर्षांच्या कर्जात २ लाख ७४ हजार बाकी असतात, सात वर्षांच्या कर्जात ३ लाख ९० हजार. विमा कंपनी मात्र त्याच गाडीची किंमत ठरलेल्या तक्त्याने मोजते. तीन वर्षं ओलांडली की ४० टक्के घट, म्हणजे ६ लाखांची गाडी ३ लाख ६० हजारांची. त्या वेळी गाडी चोरीला गेली किंवा टेंभुर्णीच्या पुढे अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही ३० हजारांचं देणं उरतं, आणि दारात गाडी नाही. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ नावाची, मूळ पावतीइतकी भरपाई देणारी पुरवणी घेतली तर ही फट भरते, पण ती सहसा पहिली काही वर्षंच मिळते. सात वर्षांचं कर्ज घेणाऱ्याला तिची गरज सर्वांत जास्त, आणि पहिल्या नूतनीकरणात प्रीमियम कमी करण्यासाठी हाच माणूस ती काढून टाकतो.

हप्त्याशिवायचा खर्च पाहा. महिन्याला ५०० किलोमीटर, शहरात लिटरला १६ चं ॲव्हरेज, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ३,३०० रुपये. विमा वर्षाला १८ हजार, म्हणजे महिन्याचे १,५००. सर्व्हिसिंग ७००. टायरचा संच १८ हजारांचा आणि पाच वर्षांचा, बॅटरी पाच हजारांची आणि चार वर्षांची. दोन्ही मिळून ४००. पीयूसी, टोल, पंक्चर, धुणं ५००. बेरीज ६,४००, आणि हप्ता धरून १९ हजार. “१२,६०० परवडतात” म्हणून घेतलेली गाडी १९ हजारांची निघाली. यातले पेट्रोलचे पैसे रोज दिसतात. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि बॅटरीचे मिळून २,६०० महिन्याला दिसत नाहीत. ते एकदम येतात, आणि नेमके जूनमध्ये शाळेची फी भरताना किंवा दिवाळीच्या तोंडावर येतात. मग क्रेडिट कार्ड, मग त्याचा किमान हप्ता, मग सोनेतारण. घराचा तोल सुटतो तो इथे.

सोलापूरच्या हवेचा हिशेबही यातच येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. उष्णतेने बॅटरीतली झीज वेगाने होते, म्हणून थंड गावात पाच वर्षं जाणारी बॅटरी इथे तीन-चार वर्षांत दगा देते. त्यात आपल्या फेऱ्या तोकड्या: सात रस्ता ते नवी पेठ, जुळे सोलापूर ते स्टेशन. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये ओलावा आणि कच्चं पेट्रोल साचतं, बॅटरीही पूर्ण चार्ज होत नाही. म्हणूनच “वर्षात चार हजारच चालली, ऑइल कशाला बदलू” हा विचार चुकीचा. कमी चालणाऱ्या गाडीला वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलावाच लागतो, आणि पंधरा दिवसांतून एकदा तिला सलग तीस-चाळीस किलोमीटर पळवावं लागतं. तुळजापूर किंवा अक्कलकोटची एक फेरी इंजिनासाठीही पुण्याचीच. साखर पेठेसारख्या जुन्या वस्तीत दाराला लागून उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात. आठवडाभर बॉनेट उघडलं नाही तर कळतही नाही.

या सगळ्याचा अर्थ तरुण पिढी उधळी आहे असा मात्र मी काढणार नाही. तो आरोप घरोघरी होतो आणि तो अन्यायाचा आहे. “आम्ही ऋण काढून सण केला नाही” असं म्हणणाऱ्या पिढीला ऋण द्यायला कुणी उभंच नव्हतं. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा ती पन्नास हजारांच्या आसपास होती, आणि तीही मिलमधल्या जॉबरच्या (मुकादमाच्या) किंवा शाळामास्तरच्या स्वप्नातही नव्हती. गाडीसाठी सहज कर्ज मिळू लागलं ते १९९० नंतर. काटकसर खरी होती, तिच्यात सद्गुणाचा वाटा होता. पण पर्याय नसण्याचाही तितकाच मोठा वाटा होता.

शिवाय त्या पिढीचे कित्येक खर्च तिच्या खिशातून जातच नव्हते. मिलचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर घर, पूर्व भागात तर माग घरातच. मुलं महापालिकेच्या शाळेत पायी जात, आजारपण सिव्हिलमध्ये निभावे, रेशनवर साखर-रॉकेल मिळे. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या मिल एकामागून एक बंद पडल्या, १९९२ च्या हद्दवाढीने शहर शेळगी-मजरेवाडीपर्यंत पसरलं, कामं अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत गेली. अंतर वाढलं, आणि पायी जाणारा माणूस पेट्रोल घालणारा माणूस झाला. शाळेची फी, व्हॅनचे पैसे, क्लास, मेडिक्लेम, मोबाइल रिचार्ज हे सगळे खर्च दोन पिढ्यांत नव्याने आले, आणि त्यातला एकही ‘चैन’ म्हणून टाळता येत नाही. (रिचार्जसुद्धा २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा महिने. वर्षाचा हिशेब सुटला की असे तेरावे महिने कुणाच्या लक्षात येत नाहीत.)

देशाचे आकडेही हेच दाखवतात. सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत १९९९-२००० साली शहरी घराच्या खर्चात अन्नाचा वाटा ४८ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो चाळिसाच्या किंचित खाली आला. अन्नाव्यतिरिक्तच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा आता प्रवासाचा आहे, शहरात साडेआठ टक्क्यांच्या जवळ. कपडे, औषधं, शिक्षण या सगळ्यांच्या पुढे जाणं-येणं. २०२२-२३ मध्ये घरांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कित्येक दशकांच्या नीचांकावर आली तेव्हा सरकारचं म्हणणं असं होतं की लोक पैसा घर आणि वाहनात घालताहेत, काळजीचं कारण नाही. घर आणि वाहन एका ओळीत बसवणंच मला पटत नाही. जुळे सोलापुरातला गुंठा तीन वर्षांत ४० टक्क्यांनी उतरत नाही. गाडी उतरते, आणि तसं विम्याच्या तक्त्यातच लिहिलेलं आहे.

मग परवडणं म्हणजे काय? माझ्या मते ते किमतीवर ठरत नाही, महिन्याच्या किलोमीटरवर ठरतं. किंमत हीच एक अडचण असती तर २००९ साली लाखाच्या घरात आलेली नॅनो घरोघरी दिसली असती. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. वरचीच गाडी दहा वर्षं वापरून दीड लाखाच्या पुढे-मागे विकली असं धरा. किंमत आणि व्याज दहा वर्षांवर पसरलं तर महिन्याला ५,९०० रुपये पडतात. महिन्याला ५०० किलोमीटर चालवली तर सगळा खर्च मिळून किलोमीटर २५ रुपयांना पडतो. १,००० चालवली तर १६ रुपयांना. आणि २५० च चालवली, म्हणजे रविवारी सासुरवाडी, महिन्यातून एकदा पंढरपूर आणि बाकी दारात उभी, तर ४३ रुपयांना. भाड्याची गाडी ड्रायव्हरसह किलोमीटरला १२ ते १४ रुपये घेते. पुण्याला जाऊन-येऊन ५०० किलोमीटर, सहा-सात हजार आणि टोल. २५० किलोमीटरवाल्या घराने महिन्याला गाडीवर घातलेल्या १०,६५० रुपयांत अशी एक फेरी होऊन शहरातल्या रिक्षेचे पैसे उरतात. पुण्याला एकट्याला जायचं तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहेच.

घरात वृद्ध आई-वडील असतील, डायलिसिससारखे वारंवारचे उपचार असतील, किंवा धंद्याचा माल रोज न्यावा लागत असेल, तर हा हिशेब बदलतो आणि बदललाच पाहिजे. रात्री दोन वाजता रिक्षा शोधावी न लागण्याची किंमत किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. मात्र लग्नाच्या बैठकीत “चारचाकी आहे का” म्हणून विचारतात आणि मुलीच्या बापाकडून ती उकळतात, त्या गाडीचं समर्थन कोणत्याच हिशेबात होत नाही. तो हुंडाच आहे, चाकं लावलेला.

ज्याला गाडी घ्यायचीच आहे त्याने आधी सहा महिने गाडी नसताना तिचा खर्च करून पाहावा. १९ हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायचे, आणि महिने निवडायचे जून ते नोव्हेंबर, म्हणजे शाळेची फी, पंचमी, गणपती, दसरा, दिवाळी सगळं त्यात येतं. एकही महिना न चुकता हे जमलं तर गाडी परवडते, आणि हातात १ लाख १४ हजार असतात. वरच्या हिशेबातलं डाऊन पेमेंट त्यातच निघतं. दोन महिने चुकले तर गाडी लहान करा, किंवा जुनी बघा, किंवा वर्षभर थांबा. गाडी आल्यावर त्या न दिसणाऱ्या २,६०० रुपयांचं आवर्ती खातं वेगळं ठेवायचं आणि त्याला विमा-सर्व्हिसिंग-टायर-बॅटरी सोडून कशासाठीही हात लावायचा नाही. ज्वारीचा डबा असायचा, तसा.

जुन्या गाडीचं कर्ज घेताना ‘फ्लॅट’ हा शब्द कानावर आला की थांबावं. ४ लाखांवर ८ टक्के फ्लॅट, पाच वर्षं, म्हणजे सरळ १ लाख ६० हजार व्याज आणि ९,३३३ चा हप्ता. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर हा दर १४ टक्क्यांच्या वर जातो. बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांना किरकोळ कर्जावर खऱ्या वार्षिक दरासह ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक) देणं रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचं केलं आहे. ते मागून घ्या आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती दंड, तेही त्यातच बघा. पतसंस्था या नियमात येत नाहीत. सोलापुरात गाडीचं कर्ज देणाऱ्या पतसंस्था कमी नाहीत, आणि सहकार खात्याने असंच पत्रक मराठीत त्यांनाही लागू करायला हवं. यात एक पैशाचा खर्च नाही.

गाडी बघताना टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा वाचावा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. ओडोमीटर ३० हजार सांगतो आणि टायर दुसऱ्या संचाचे आहेत, तर रनिंग मागे फिरवल्याचा संशय धरावा. ऑइलचं झाकण उघडून आत पिवळट, फेसाळ थर दिसला तर ओलावा किंवा कूलंटची गळती. आरसीवर बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव बदलल्याशिवाय चालवू नये. थकलेली ई-चलनं आधीच तपासावीत.

आता सार्वजनिक बाजू. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा उपकरही गेला. ६ लाखांच्या गाडीत सुमारे ५६ हजार वाचले. पाच वर्षांच्या हप्त्यात ते अकराशे-बाराशे रुपये होतात. स्वागतच आहे. पण एबीएस, दोन एअरबॅग, प्रदूषणाचं बीएस-६ या नियमांनी लहान गाडीची किंमत वाढली आणि करसवलतीने ती थोडी उतरली, एवढ्यानेच ‘गाडी परवडू लागली’ अशी चर्चा थांबते, तिथे माझी हरकत आहे. देशातल्या शंभर घरांपैकी जेमतेम आठांकडे गाडी असल्याचं २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. उरलेल्या ब्याण्णव घरांचा प्रवासखर्च कोण कमी करणार?

सोलापुरात या प्रश्नाचं उत्तर सिटी बस आहे, आणि तीच खिळखिळी झाली आहे. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून शहराला नव्या बस मिळाल्या, त्यातल्या कितीतरी चेसीला तडे गेल्याने उभ्या राहिल्या आणि सेवा पुन्हा सावरलीच नाही. ती जागा शेअर रिक्षांनी आणि हप्त्यावरच्या दुचाकींनी घेतली. आता दुचाकीवरून चारचाकीवर जाणारं घर २५० किलोमीटरसाठी १०,६५० मोजतं. बस चालवण्याचा तोटा महापालिकेने वाचवला असेल, पण तो नाहीसा झाला नाही, घराघराच्या महिन्याच्या खर्चात वाटला गेला. सगळ्यात जास्त वाटा आला बिडी आणि टॉवेल कामगार बायकांच्या वाट्याला, ज्यांच्याकडे ना दुचाकी ना गाडी. कुंभारीला असंघटित कामगारांसाठी हजारो घरं उभी राहिली; तिथून शहरात कामाला येण्याचा रोजचा खर्च हा त्या घराच्या हप्त्याइतकाच खरा आहे.

केंद्राच्या पीएम ई-बस सेवेच्या (विजेवरच्या बसच्या योजनेच्या) यादीत सोलापूर आहे. या बस आल्याचं मोजमाप उद्घाटनाच्या फोटोने किंवा बसच्या संख्येने करू नये. दर मार्गावर दोन बसमध्ये किती मिनिटं, हे मोजावं. अशोक चौकातून अक्कलकोट रोड एमआयडीसी, स्टेशनवरून चिंचोळी, सात रस्त्यावरून जुळे सोलापूर आणि कुंभारी, एवढ्या मार्गांवर सकाळी सहा ते रात्री अकरा, गर्दीच्या वेळी दर दहा मिनिटांनी आणि एरवी वीस मिनिटांनी बस हवी, आणि शेवटची बस दुसऱ्या पाळीचे कामगार गेटमधून बाहेर पडल्यानंतर सुटणारी. वेळापत्रक थांब्यावर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये लावलेलं असावं, आणि किती फेऱ्या ठरल्या, किती झाल्या, हे महापालिकेने दर महिन्याला जाहीर करावं.